कुठली कागदपत्रं हवीत, हे मेसेजमध्येच का लिहीत नाहीत?

गोदाघाट (नाशिक)

आईचा मेडिक्लेम अडीच महिने अडकला होता. आता सुटत आलाय, पण त्यापायी जे हेलपाटे झाले ते मांडल्याशिवाय राहवत नाही. इथल्या बऱ्याच जणांवर ही वेळ आली असणार, म्हणून धागा काढते आहे. लांबलंय, पण वाचा.

आई ७१ वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. जवळचं हॉस्पिटल गाठलं, तिथे आमच्या विमा कंपनीचं कॅशलेस नव्हतं. पैसे भरले, ऑपरेशन झालं, घरी आल्यावर रिएम्बर्समेंटची फाइल टाकली. क्लेम फॉर्मचे दोन्ही भाग (एक आपण भरायचा, एक हॉस्पिटलने), डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल, पावत्या, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, एक्स-रे, सगळे रिपोर्ट. पाठवण्याआधी मी प्रत्येक पानावर नंबर टाकला होता.

नवव्या दिवशी मेसेज आला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा: "प्रिय ग्राहक, आपल्या दाव्यात त्रुटी आढळली आहे. आवश्यक कागदपत्रे लवकरात लवकर जमा करा." संपलं. कुठली त्रुटी, कुठला कागद, कुठे पाठवायचा, कधीपर्यंत, काही नाही.

फोन लावला. बावीस मिनिटांनी माणूस भेटला. तो म्हणाला इनडोअर केस पेपर (ॲडमिट असतानाच्या नोंदी) हवेत. हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग अकरा ते एकच उघडा असतो, म्हणजे माझी अर्ध्या दिवसाची रजा. ८४ पानं, प्रत्येकावर शिक्का. कुरिअर केलं. दहा दिवसांनी पुन्हा तोच मेसेज, अक्षरन् अक्षर तोच. मला वाटलं जुनाच परत आलाय, म्हणून चार दिवस गप्प बसले. मग फोन केला तर कळलं, आता इम्प्लांटचं (खुब्यात बसवलेल्या भागाचं) बिल आणि त्याच्या खोक्यावरचं स्टिकर हवंय. ते दिलं. तिसऱ्यांदा तोच मेसेज. या वेळी आई नेमकी कशी पडली याचं लेखी निवेदन. चौथ्यांदा, नाव छापलेला कॅन्सल चेक.

मधल्या काळात टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) म्हणायचा कंपनीला विचारा, कंपनी म्हणायची टीपीएला विचारा. दोघांचे नंबरही वेगळे. एकाला इंटिमेशन नंबर लागतो, दुसऱ्याला क्लेम नंबर, आणि चुकीचा सांगितला की "असा दावा आमच्याकडे दिसत नाही".

मी वहीत टिपत गेले. १७ फोन, हॉस्पिटलच्या ४ फेऱ्या, ३ कुरिअर, दोन पूर्ण आणि तीन अर्ध्या रजा.

पैसे मिळायला वेळ लागतो हे मी समजू शकते. मला लागलं ते दुसरंच. ज्याने फाइल तपासली, त्याला त्याच क्षणी पक्कं माहीत होतं की स्टिकर नाहीये. त्याने ते कुठेतरी लिहिलंही असणार. ते चार शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत, आणि ते शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आई वॉकरवर, तिला संडासला न्यायला माणूस लागतो, आणि मी कानाला फोन लावून संगीत ऐकत बसलेय.

तुमच्याकडे असं झालंय का? आणि यावर करता काय येतं?

---

अबोली_०७ (म्हापसा)

अगदी. आमच्याकडे इंटरनेटचं. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज येतो आणि घरात तर नेट बंदच. कोणी आलं होतं का, काय दुरुस्त केलं, कशाचा पत्ता नाही. पुन्हा नवी तक्रार नोंदवा, पुन्हा नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून सांगा की राउटर बंद-चालू करून पाहिलाय.

आई कशी आहे आता?

---

गोदाघाट

घरातल्या घरात काठी घेऊन चालते आता. धन्यवाद गं.

---

सह्यवारा (पुणे)

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पॉलिसीच्या पुस्तिकेत क्लेमला काय काय लागतं त्याची यादी छापलेली असते. आपण ती वाचत नाही. शिवाय अर्धा दोष हॉस्पिटलचा. इम्प्लांटचं स्टिकर डिस्चार्जच्या वेळीच फाइलला लावून द्यायला हवं होतं. दरवेळी कंपनीलाच धरणं बरोबर नाही.

---

गोदाघाट

राग नाही, पण ती यादी मी वाचली होती, म्हणून तर फाइल नीट लावता आली. यादीत शेवटची ओळ काय आहे सांगते: "व आवश्यकतेनुसार मागितलेली इतर कागदपत्रे". माझ्याकडून मागितलेल्या चार गोष्टींतल्या तीन त्या "इतर"मध्ये होत्या. कॅन्सल चेक यादीत होता आणि मी लावलाही होता, फक्त त्यावर आईचं नाव छापलेलं नव्हतं. हे पहिल्याच मेसेजमध्ये कळलं असतं तर त्याच दिवशी बँकेकडून पासबुकाची शिक्का मारलेली प्रत आणली असती.

हॉस्पिटलबद्दल मान्य. पण हॉस्पिटलने स्टिकर दिलं नाही, हे मला कळणार कोणाकडून? ज्याला ते सापडलं नाही त्याच्याकडूनच ना?

---

हेडफोन (पिंपरी)

सहा वर्षं कस्टमर केअरला होतो, त्यातली तीन विम्याच्या प्रोसेसवर. आता सोडलंय, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

ताई, तुमच्याशी जो मुलगा बोलला त्याच्या स्क्रीनवर आधी फक्त "क्वेरी रेज्ड" एवढंच दिसतं. फाइल तपासणाऱ्या डॉक्टरने काय लिहिलंय ते बघायला दुसरी खिडकी उघडावी लागते. ती उघडायला वेळ लागतो, आणि आमचा प्रत्येक कॉल सेकंदांत मोजला जायचा. त्याला ॲव्हरेज हँडलिंग टाइम म्हणतात. तो वाढला की टीम लीडर मागे येऊन उभा. त्यामुळे शेरा पूर्ण वाचून दाखवणारा मुलगा आकड्यांत वाईट दिसतो, आणि "कागदपत्रं जमा करा सर" म्हणून फोन ठेवणारा चांगला. तुम्ही परत फोन केलात तर तो दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला जातो.

आता मेसेजचं. कंपन्यांना मनाला येईल तो मजकूर पाठवता येत नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नावाच्या व्यवस्थेत मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या साच्याबाहेरचा मेसेज नेटवर्क अडवतं. फसवे मेसेज थांबावेत म्हणून ते आहे, आणि गरजेचंच आहे. पण साचे नोंदवायचा कंटाळा म्हणून कंपन्या एकच गुळमुळीत वाक्य नोंदवतात, जे सगळीकडे चालेल.

साच्यात बदलती जागा ठेवता येते, हे कोणी ग्राहकाला सांगत नाही. मी होतो तेव्हा एका जागेत ३० अक्षरं बसायची. "इम्प्लांट इनव्हॉइस अँड स्टिकर" हे इंग्रजी लिपीत मोजून बघा, मधल्या रिकाम्या जागा धरून २७ भरतात. म्हणजे तुमच्या चारही फेऱ्या त्या जागेत मावल्या असत्या.

मराठी मेसेज का येत नाहीत त्याचंही कारण यातच आहे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. तेच वाक्य दोन-तीन एसएमएसचं होतं आणि कंपनीला पैसे त्या हिशोबाने पडतात.

जॉन सेडन नावाचे एक ब्रिटिश व्यवस्थापन तज्ज्ञ आहेत, त्यांनी याला "फेल्युअर डिमांड" हा शब्द दिला. आधीचं काम धड झालं नाही म्हणून पुन्हा येणारं काम. मी घेतलेले बहुतेक फोन त्याच जातीचे होते. "मेसेज आलाय, त्याचा अर्थ काय?" हे विचारायला माणसं अर्धा अर्धा तास थांबायची. कितीदा वाटलं, त्या मेसेजमध्ये एक ओळ घातली असती तर हा फोनच आला नसता.

---

सह्यवारा

हे माहीत नव्हतं. मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो. निदान निम्मं तरी.

---

छत्री (वसई)

मी विमा सल्लागार आहे, १४ वर्षं. दोन गोष्टी सांगते.

एक, इर्डाचं (विमा नियामकाचं) २९ मे २०२४ चं आरोग्य विम्यावरचं मास्टर सर्क्युलर. कॅशलेसला मंजुरी की नामंजुरी हे अर्ज आल्यापासून एका तासात कळवायचं. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत, आणि त्याहून उशीर होऊन हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. दावा नाकारला तर पॉलिसीच्या नेमक्या कुठल्या अटीवरून, ते लिहून द्यायचं. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, लागणारी कागदपत्रं कंपनीने किंवा टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यावीत, विमाधारकाला त्यासाठी पळवू नये, असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात अजून लोकच पळताहेत, हे मीही रोज बघते. पण तक्रार लिहिताना या परिपत्रकाचा तारखेसकट उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

दुसरी गोष्ट बोलायला मला जड जातंय, कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. तुमच्या पॉलिसीवर ईमेल कोणाचा आहे ते आत्ता उघडून बघा. बरेच एजंट फॉर्म भरताना घाईत स्वतःचाच ईमेल टाकतात. कंपनीचं सविस्तर पत्र तिकडे जातं आणि तुमच्या हातात फक्त तो त्रोटक एसएमएस उरतो.

---

गोदाघाट

छत्री ताई, आत्ता पॉलिसी काढून बघितली. ईमेल आमचा नाही. सात वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून घेतली त्या गृहस्थांचा आहे, आणि त्यांनी हे काम कधीच सोडलंय. लगेच त्यांना फोन लावला. त्यांनी इनबॉक्स उघडून बघितला, चारही पत्रं तिथे पडलेली. त्यात स्वच्छ लिहिलंय, "इम्प्लांटचे मूळ बिल व स्टिकर आढळले नाही, १५ दिवसांत सादर करावे."

माझे हात थरथरायला लागले वाचताना. इतके दिवस ते वाक्य अस्तित्वात होतं.

त्या एसएमएसमध्ये "तपशील ईमेलवर पाठवला आहे" एवढं जरी असतं, तरी मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, कुठल्या ईमेलवर? आणि सतरा फोनांत एकानेही सांगितलं नाही की तुम्हाला पत्र गेलंय.

---

हेडफोन

पत्र गेल्याचं स्क्रीनवर दिसतं ताई. "लेटर डिस्पॅच्ड" म्हणून नोंद असते. मी स्वतःही ते कित्येकांना सांगितलं नाही, कारण सांगायच्या मजकुरात ते नव्हतं. आज वाईट वाटतंय.

---

कृष्णाकाठ (सांगली)

गृहकर्जाचं सांगतो. वडिलांचं कर्ज २०२२ मध्ये फिटलं. बँकेचं पत्र आलं, "आपले कर्ज खाते बंद करण्यात आले आहे." घराचे मूळ कागद कुठे आहेत, कधी मिळणार, कोणाला भेटायचं, यातलं एक अक्षर नाही. शाखेत गेलो तर म्हणाले कागद मुंबईच्या कोठारात आहेत, आले की कळवू. कोणी कळवलं नाही. गावातून शाखा १४ किलोमीटर. वडील दर सोमवारी एसटीने जायचे, बाकावर बसायचे, "अजून नाही आले" ऐकून परत यायचे. चार महिने. घरी आल्यावर पिशवी खुंटीला अडकवताना काही बोलायचे नाहीत.

मग १३ सप्टेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, आणि उशीर का झाला ते ग्राहकाला कळवायचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: कागद कधी आणि कुठे परत मिळतील हे कर्जमंजुरीच्या पत्रातच लिहायचं. वडिलांच्या पत्रात जी ओळ नव्हती, ती ओळ आता सक्तीची झाली.

भावाचं कर्ज २०२४ मध्ये फिटलं. परिपत्रकाची प्रत जोडून शाखेला लेखी दिलं. २२ व्या दिवशी फोन आला, कागद आलेत, ओळखपत्र घेऊन या. एकच फेरी.

---

थेम्सकाठी (स्लाव, इंग्लंड)

इकडे वित्तीय कंपन्यांवर ३१ जुलै २०२३ पासून "कन्झ्युमर ड्यूटी" लागू आहे. पाठवलेला मजकूर ग्राहकाला कळला पाहिजे, ही जबाबदारी कंपनीची. तक्रारीचं अंतिम उत्तर साधारण आठ आठवड्यांत द्यावं लागतं आणि त्या पत्रात लोकपालाकडे (म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारकाकडे) कसं जायचं ते लिहावंच लागतं. त्रास इकडेही होतो, पण पुढे कुठे जायचं हे शोधत बसावं लागत नाही.

---

डोंबिवली_पूर्व

मी ७६ वर्षांचा आहे. मला वेगळीच अडचण आहे. बँकेचा मेसेज आला की केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खात्यातील व्यवहार थांबवले जातील. सोबत एक लिंक. आता आपण रोज पेपरात वाचतो की अशा लिंकला हात लावू नका. मेसेज खरा की खोटा हे मी कसं ओळखायचं? शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, काका, असे फ्रॉड मेसेज येतात, सोडून द्या. सोडून दिलं. पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाली पण पैसे निघेनात. मेसेज खरा होता.

फोन करायचा तर आणखी पंचाईत. बाई सांगते मराठीसाठी तीन दाबा. फोन कानाला असतो, आकडे बघायला खाली घ्यावा तर पडदा काळा झालेला. तो उजळून आकडे सापडेपर्यंत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऐकू कमी येतं ते वेगळंच. सौभाग्यवतींनी वहीवर मोठ्या अक्षरात क्रम लिहून दिला होता, पण बँकेने मधेच क्रम बदलला.

पूर्वी बँकेचं पोस्टकार्ड यायचं. त्यावर शाखेचं नाव, कारकुनाची सही, काय आणायचं ते लिहिलेलं. वाचून समजायचं.

---

छत्री

काका, तुम्ही म्हणता ते पत्र आता परत यायला हवं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये केवायसीच्या नियमांत बदल केला. मुदतीच्या आधी ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्राने. मुदत टळली तर पुन्हा तीन स्मरणं, त्यातही एक पत्र. त्यात काय करायचं ते सोप्या भाषेत, अडचण आली तर कोणाकडे जायचं ते, आणि केलं नाही तर काय होईल ते लिहायचं. बँकांना यासाठी १ जानेवारी २०२६ पर्यंत वेळ दिला होता. आणि तुमच्या पत्त्यात वगैरे काहीच बदल नसेल तर तसं स्वयंघोषणापत्र पुरतं.

---

कृष्णाकाठ

आणि छापील फॉर्म, पत्रं राज्याच्या भाषेतही हवीत, हे रिझर्व्ह बँकेचं जुनंच सांगणं आहे. इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा, तिन्ही. मराठी फॉर्म मागायचा, लाजायचं नाही.

---

गोदाघाट

काय झालं ते सांगते.

छत्री ताईंच्या सल्ल्याने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. चार मेसेजच्या तारखा, चार पत्रं चुकीच्या ईमेलवर गेल्याचं, २९ मे २०२४ च्या परिपत्रकाचा उल्लेख, आणि एकच मागणी: यापुढे जे काही लागणार असेल त्याची पूर्ण यादी एकदाच, या ईमेलवर द्या. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवली.

पाचव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं, थेट नंबर दिला. म्हणाल्या, आता काहीच लागत नाही, फाइल पूर्ण आहे. ही फाइल तीन आठवड्यांपूर्वीच पूर्ण झाली होती. कॅन्सल चेक पोहोचला होता, पण स्थिती बदलायची राहून गेली होती.

काल पैसे जमा झाले. ११,६०० रुपये कापलेत, कारण "नॉन-पेएबल". कुठली वस्तू, किती रुपये, याचा तक्ता त्याच बाईंकडे मागितला आणि एका तासात मिळाला. ग्लोव्ह्ज, नोंदणी फी, ॲडमिशन किट, असं. पटलं. वाद नाही. समोर तक्ता असला की वाद घालावासाच वाटला नाही.

ज्यांचं यापुढेही अडेल त्यांच्यासाठी: कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तिथेही आधी बँकेला ३० दिवस. ऑनलाइन खरेदीसाठी, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. कुठे जायचं तेच कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

---

अबोली_०७

४८ तासांचं माहीत नव्हतं. एक मागवलेलं मिक्सरचं भांडं अडकलंय, उद्याच लिहिते.

---

डोंबिवली_पूर्व

गोदाघाट ताई, तुम्ही जसं लिहून मागितलंत तसं मला बँकेकडे मागायचं आहे. ईमेल मला जमत नाही. कागदावर मराठीत द्यायचं तर काय लिहू?

---

गोदाघाट

काका, हे घ्या. नाव, खाते क्रमांक तुमचा घाला.

*प्रति, शाखा व्यवस्थापक.*
*विषय: केवायसीबाबत लेखी माहिती मिळणेबाबत.*

*महोदय, माझ्या बचत खात्यातील व्यवहार दि. ___ पासून थांबवण्यात आले आहेत. त्याआधी आलेल्या मेसेजबद्दल मी दि. ___ रोजी शाखेत समक्ष चौकशी केली असता तो फसवा असल्याचे मला सांगण्यात आले होते. तरी कृपया खालील माहिती मराठीत व लेखी द्यावी. १) माझ्याकडून नेमकी कोणती कागदपत्रे हवी आहेत, त्यांची पूर्ण यादी. २) ती कुठे व कोणाकडे द्यायची. ३) दिल्यानंतर व्यवहार किती दिवसांत सुरू होतील. माझ्या पत्त्यात व इतर तपशिलांत बदल नाही, तसे स्वयंघोषणापत्र सोबत जोडले आहे. मला कमी ऐकू येत असल्याने फोनऐवजी पत्राने कळवावे.*

*आपला विश्वासू*

दोन प्रती काढा. एक त्यांना, दुसरीवर तारीख आणि शिक्का घेऊन ती आपल्याजवळ.

---

डोंबिवली_पूर्व

नातवाने प्रिंट काढून दिली, अक्षर मोठं करून. सोमवारी दहाला शाखेत जातो. शिक्का मिळेपर्यंत तिथून उठणार नाही.